बॉनेट नीट उघडायचं-लावायचं कसं? पंपावरून आल्यापासून पुढची कड थरथरते

घाटाखालची:

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या केरी-सत्तरीची, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी घर. नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे रोजचा रस्ता साखळी, आमोण्याचा पूल, माशेल, बाणस्तारी. इतकी वर्षं कंपनीच्या बसने जात होते. आता पाळी बदलली आणि बसची वेळ जुळेना, म्हणून सेकंड हँड छोटी गाडी घेतली. चालवायची भीती नाही, पण बॉनेट उघडायचं म्हटलं की हात मागे येतो.

परवा पेट्रोल भरताना पंपावरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, ऑइल-पाणी बघू?" मी हो म्हटलं. त्याने डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, पुसून दाखवली, सगळं व्यवस्थित होतं. पण बॉनेट लावताना त्याने दोन्ही तळवे मधोमध ठेवून अंगाचा भार टाकला. आता सकाळच्या तिरप्या उन्हात बघितलं की पत्र्यावर दोन उथळ पोचे दिसतात. शिवाय त्या दिवसापासून गाडी साठच्या पुढे गेली की बॉनेटची पुढची कड थरथरते, समोरून ट्रक गेला की जास्तच. डॅशबोर्डवर दिवा वगैरे काही लागत नाही.

बाबा म्हणतात, बॉनेट हाताने दाबूनच लावायचं, आपटलं तर लॉक मोडतं. शेजारचे काका म्हणतात, वरून सोडून द्यायचं. खरं कोणाचं? दुसरं म्हणजे माझी उंची जेमतेम पाच फूट. एका हाताने बॉनेट धरून दुसऱ्या हाताने टेकूची दांडी लावताना ते डोक्यावर येईल असं वाटत राहतं. मला तेल, कूलंट, वायपरचं पाणी एवढं तरी स्वतः बघायचंय. त्यामुळे नुसतं "गॅरेजला न्या" म्हणू नका, प्लीज. नीट समजावून सांगा.

उसगाव_गॅरेज:

ताई, तेल-पाण्याचं नंतर बोलू, आधी ती थरथर. हे वाचून होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

बॉनेटला दोन लॉक असतात. दाराला कडी असते आणि वर अडसरही असतो, तशातला प्रकार. बॉनेटच्या खालच्या बाजूला लोखंडी कडं असतं, ते पुढच्या पट्टीवरच्या जबड्यात जाऊन बसतं. हे मुख्य लॉक. केबिनमधला लिव्हर ओढला की केबल हा जबडा सोडवते आणि बॉनेट बोटभर वर येतं. तरी पूर्ण उघडत नाही, कारण दुसरा खटका त्याला अडवून धरतो. तो बाहेरून हात घालूनच सोडवावा लागतो. मुख्य लॉक चालू गाडीत सुटलंच, तर बॉनेट उडून काचेवर येऊ नये म्हणून हा खटका दिलेला असतो. अमेरिकेत तर पुढून उघडणाऱ्या बॉनेटला ही दुसरी अडवणूक १९६९ पासून कायद्यानेच लागते.

तुम्ही सांगता त्यावरून माझा अंदाज असा, की मधोमध दाबल्यामुळे पत्रा वाकला, पण कडं जबड्यात पूर्ण उतरलंच नाही. बॉनेट नुसत्या खटक्यावर अडकलंय. वेग वाढला की पुढच्या फटीतून वारा आत शिरतो आणि ते वर उचलायला बघतो, म्हणून थरथरतं. आपल्याकडच्या गाड्यांचे खटके कसे असतात ते मी रोज बघतो. किनाऱ्याकडच्या गाड्यांना खाऱ्या हवेचा गंज, आणि आमच्या उसगाव, डिचोली, सावर्डे पट्ट्यातल्या गाड्यांना खनिजाची तांबडी माती. पावसात ती माती खटक्याच्या स्प्रिंगमध्ये शिरते, ऑक्टोबरच्या उन्हात वाळून घट्ट बसते. तसा खटका एकदा बाजूला ढकलला की तिथेच राहतो, परत जागेवर येत नाही. म्हणजे आधार म्हणून जो दिलाय तोच नसतो. दिवा लागत नाही यावर जाऊ नका. बऱ्याच छोट्या गाड्यांना बॉनेटचा दिवा दिलेलाच नसतो.

आता उघडायचं कसं ते सांगतो. सपाट जागा बघा. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि चावी काढून खिशात ठेवा. चावी काढायला मी सगळ्यांना सांगतो, कारण आपण वाकलेलो असताना घरातलं कोणी सहज येऊन स्टार्टर मारतं. वायपर काचेवर टेकलेले हवेत. धुवायला उभे केलेले असतील आणि तसंच बॉनेट उचललं, तर दोन्हीचा रंग जातो. ओढणी बांधून घ्या, केस वर घ्या. हातात धातूच्या बांगड्या, अंगठी असेल तर काढून ठेवा. बॅटरीच्या प्लस टर्मिनलला आणि बॉडीला बांगडी एकदम लागली तर ती क्षणात लाल होते.

लिव्हर बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगखाली उजव्या गुडघ्याजवळ असतो, त्यावर उघड्या बॉनेटचं चित्र असतं. पेट्रोलच्या झाकणाचा लिव्हर वेगळा, तो कधी सीटशेजारी खाली असतो, त्यात गल्लत नको. बॉनेटचा लिव्हर एका दमात ओढा, पुढून 'टक' असा आवाज येईल. मग समोर जाऊन उभ्या राहा. फटीत अख्खा हात कोंबू नका, तळवा वर करून फक्त बोटं आत सरकवा. खटक्याची जीभ मधोमध किंवा किंचित बाजूला असते. काही गाड्यांत ती डावीकडे ढकलायची, काहींत उजवीकडे, काहींत वर उचलायची. पहिल्या वेळी टॉर्च मारून डोळ्यांनी बघून घ्या, मग बोटांना आयुष्यभर लक्षात राहते. खटका सोडवता सोडवता दुसऱ्या हाताने बॉनेट उचलायचं.

उंचीचं उत्तर असं, की मधे उभं राहू नका. दांडी ज्या बाजूला उभी राहते त्या बाजूला, हेडलाइटच्या समोर उभ्या राहा. मग बॉनेट वर ढकलणारा हात सरळ राहतो, लांबवावा लागत नाही. छोट्या गाडीचं बॉनेट दिसतं तेवढं जड नसतं, बिजागऱ्या काचेकडे असल्यामुळे निम्मं वजन त्याच पेलतात. दांडी क्लिपमधून काढताना तिच्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीला धरा. गाडी नुकतीच चालून आली असेल तर लोखंड चटका देतं, फडकं वापरा. बॉनेटच्या आतल्या बाजूला दांडीसाठी भोक असतं, शेजारी बाणही असतो बहुधा. काही गाड्यांत भोक एकीकडे रुंद आणि दुसरीकडे निमुळतं असतं. टोक रुंद बाजूने घालायचं आणि निमुळत्या बाजूला सरकवून बसवायचं. नुसतं घालून सोडलं तर धक्क्याने निसटतं. जवळपास दुसरीही भोकं असतात, त्यात दांडी टेकवू नका. बसवली की बॉनेट हलकेच हलवून बघा. हलवून बघितल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही.

लावताना आधी आत नजर टाका. फडकं राहिलंय का, डिपस्टिक खाली बसली का, तेलाचं आणि पाण्याचं झाकण लागलंय का. मग एका हाताने बॉनेट जरासं वर उचलायचं म्हणजे दांडीवरचा भार जातो, आणि मगच दांडी काढायची. भार असताना ओढाल तर ती सुटते तेव्हा बॉनेट खाली येतं आणि बोटं मधे असतात. दांडी तिच्या क्लिपमध्ये 'कट' होईपर्यंत दाबा. ती नुसती आडवी टाकून बॉनेट सोडलं तर पत्र्याला आतून फुगवटा येतो. असे फुगवटे मी पुष्कळ बघितलेत, आणि गाडीवाला म्हणतो कोणीतरी आदळलं असणार.

आता तुमचे बाबा आणि काका. साध्या दांडीच्या गाडीला काकांचं बरोबर. बॉनेट हाताने धरून खाली आणा, साधारण एक फूट राहिलं की दोन्ही हात बाजूला घ्या आणि सोडून द्या. त्याच्याच वजनाने कडं जबड्यात बसतं. लॉक त्याच धक्क्यासाठी बनवलेलं असतं. बाबांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, डोक्याच्या उंचीवरून आपटायचं नाही, त्याने लॉक आणि हेडलाइटचे जोड दोन्ही सैल होतात. बॉनेटचा वरचा पत्रा पातळ असतो, त्याखाली फासळ्या असतात, आणि दोन फासळ्यांच्या मधे नुसती पोकळी. तुमच्या पंपावरच्या मुलाचे तळवे बरोबर तिथे पडले. गॅसच्या शॉकअपवर उचलणारं बॉनेट असेल तर ते आपोआप पडत नाही, तिथे खाली आणून दाबावंच लागतं. पण दाबायचं ते पुढच्या कडेला, लॉकच्या वर, तळवे सपाट ठेवून. गाडीसोबतच्या पुस्तकात तुमच्या मॉडेलचं जे लिहिलंय ते माझ्यापेक्षा वरचढ समजा.

शेवटी, लागलं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. पुढच्या कडेखाली बोटं घालून वर ओढून बघा. हललं तर लागलेलं नाही. अर्धवट राहिलं तर वरून दाबत बसू नका, आतून लिव्हर ओढा, पूर्ण उघडा आणि पुन्हा सोडा. मग दोन्ही हेडलाइटजवळची फट सारखी दिसते का तेही बघा.

हे आत्ताच करून बघा आणि इथे कळवा. मी जागा आहे.

मोपा_टॅक्सी:

वरच्या दादांनी सगळं सांगितलं, मी वाऱ्याचं सांगतो. विमानतळाच्या पठारावर मे-जूनमध्ये वारा असा सुटतो की गाडीचं दारही हातातून जातं. वारा समोरून असेल तर बॉनेट उघडू नका. तो खालून शिरतो आणि बॉनेट आणखी वर उचलतो. तेवढ्यात दांडी भोकातून निसटते, आणि झोत ओसरला की बॉनेट सरळ खाली. वाकलेल्या माणसाच्या मानेवर बसतं. गाडी फिरवून वाऱ्याला पाठ द्या, म्हणजे वारा बॉनेटला दांडीवर दाबून धरतो. झुआरीच्या किंवा मांडवीच्या पुलावर गाडी बंद पडली तर तिथे उघडायचंच नाही. तिथे वाराही असतो आणि मागून गाड्याही येतात.

आणि चालू गाडीत बॉनेट उडालं तर काय करायचं ते घरात जे जे चालवतात त्यांना सांगून ठेवा. एकदम ब्रेक मारायचा नाही, मागचा येऊन आदळतो. स्टिअरिंग सरळ धरायचं, पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, पार्किंगचे दिवे लावायचे. बऱ्याच गाड्यांत बॉनेट आणि डॅशबोर्डच्या मधे खाली फट राहते, खाली वाकून त्यातून रस्ता दिसतो. नाही दिसला तर उजवीकडच्या खिडकीतून बघत हळूहळू डावीकडे घ्यायची. आमच्या नव्या पोरांना मी हे उभ्या गाडीत बॉनेट वर करून सीटवर बसवून दाखवतो. एकदा बसून बघितलं की मग गोंधळ उडत नाही.

गालजीबागकरीण:

मी काणकोणहून. बाकी यंत्राचं मला फार कळत नाही, पण पावसातली एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. जूनपासून इंजिनाच्या उबेला मांजरं येऊन बसतात, उंदीर वायरी कुरतडतात, आणि उंदरांमागे साप. सकाळी गाडी काढण्याआधी बॉनेटवर दोन-तीन थापा मारा आणि क्षणभर थांबा. मांजर पंख्याच्या पट्ट्यात सापडलं तर बघवत नाही हो.

फटीत बोटं घालायची असतात, त्यामुळे रात्री माळाला किंवा कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला गाडी ठेवलेली असेल तर आधी टॉर्च मारून बघा. साप दिसला तर काठीने ढोसू नका, तो आणखी आत शिरतो. लांब उभं राहा, नजर ठेवा आणि वनखात्याला किंवा गावातल्या सर्पमित्राला बोलवा. धामण बिनविषारी असते हे खरं, पण आपल्याकडे नाग, मण्यार, फुरसं, घोणस चारही आहेत, आणि घोणशीला अजगराचं पिल्लू समजणारी माणसं मी पाहिली आहेत. ओळख पटवायला जवळ जाऊ नका.

घाटाखालची:

सगळ्यांचे मनापासून आभार. उसगावच्या दादा, बाबांना टॉर्च धरायला लावून लगेच बघितलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. कड बोटांनी ओढली तर बॉनेट बोटभर वर आलं आणि अडकलं. म्हणजे मी दोन दिवस कुंडईला खटक्यावरच ये-जा करत होते. बाजूला उभी राहून उघडलं, दांडी लावली, वाटत होतं त्याच्या अर्धंही जड नाही. मग एका फुटावरून सोडलं. 'धप' आवाज आला आणि आता कड हलत नाही. बाबांनी स्वतः दोनदा ओढून बघितली.

पण एक गोष्ट चांगली दिसत नाही. उघडं असताना मी खटका बोटाने बाजूला ढकलला, तर तो तिथेच राहिला. ओढून परत आणावा लागला. भोवती तांबडा चिखल वाळलेला आहे. आतला लिव्हरही ओढायला जड जातो. उद्या सकाळची पाळी आहे, जाऊ का?

दुसरं, घाटात गाडी तापली आणि वाफ आली तर उघडायचं का? रविवारी बेळगावला जायचंय.

उसगाव_गॅरेज:

खटका स्वतःहून परत येत नाही तोवर नको. उद्या कोणाबरोबर तरी जा, किंवा सकाळी लवकर उठून साफ करा. घरी होण्यासारखं काम आहे. इंजिन थंड असताना बॉनेट उघडा, दांडी हलवून बघा. जुन्या टूथब्रशने वाळलेली माती खरवडून काढा. मग गंज सोडवणारा स्प्रे खटक्याच्या खिळ्यावर आणि स्प्रिंगवर मारा. बारीक नळी लावून मारा, म्हणजे पट्ट्यावर उडत नाही. पाच-दहा मिनिटं मुरू द्या, खटका मागे-पुढे हलवत राहा, काळं पाणी येईल ते पुसा. पुन्हा मारा, पुन्हा पुसा. बोट सोडल्यावर तो झटकन जागेवर यायला हवा. हळूहळू सरकत आला तरी चालणार नाही, कारण वेगात बॉनेट वर यायला निमिषही लागत नाही. स्वच्छ झाला की वर ग्रीसचा पातळ थर द्या.

मग जबडा तपासा. स्क्रूड्रायव्हरचा दांडा कड्यासारखा वरून जबड्यात दाबा, तो 'कट' करून बंद होईल. बाबांना आतून लिव्हर ओढायला सांगा, जबडा उघडायला हवा. ताई, इथे एक काळजी घ्या. जबडा असा बंद ठेवून बॉनेट सोडलं तर कडं बंद जबड्यावर आदळतं आणि लॉक वाकतं. बॉनेट लावण्याआधी जबडा उघडा आहे हे डोळ्यांनी बघा.

लिव्हर जड जातो तो बहुधा याच मातीमुळे, साफ केल्यावर हलका होईल. नाही झाला तर केबलचे धागे आत तुटत आले असतील. ती पूर्ण तुटण्याआधी बदलून घ्या, नाहीतर बंद बॉनेट समोरच्या जाळीतून उघडावं लागतं आणि खर्च वाढतो. कधी लिव्हर ओढूनही बॉनेट वर आलं नाही, तर एकाने आतून लिव्हर ओढून धरायचा आणि दुसऱ्याने लॉकच्या वर कडेला हलकेच दाबून सोडायचं. नव्वद टक्के वेळा सुटतं.

थरथर पूर्ण गेली नाही तर दोन्ही कोपऱ्यांतले रबरी ठोकळे बघा. ते स्क्रूसारखे फिरतात. खाली गेले तर बॉनेट हलतं, फार वर आले तर लागतच नाही. दोन्ही एका उंचीला आणा. पोच्यांचं म्हणाल तर रंग फुटला नसेल तर डेंटरवाला आतून ढकलून काढेल, घाई नाही.

आता घाट. वाफ येत असेल तर बॉनेटला हात लावू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब उभं करा. वाफ पूर्ण थांबली आणि बॉनेटवर हात ठेवता आला की मगच लिव्हर ओढा. उघडल्यावरही रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण फिरवायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो, ते पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास तरी थांबा. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटं, ओढणी तिकडे नको.

वाफ पांढरी असते आणि गोडसर वास येतो. जळक्या रबराचा किंवा प्लॅस्टिकचा वास आणि काळा धूर असेल तर बॉनेट उघडायचंच नाही. उघडलं की हवा मिळते आणि आग भडकते. माणसं लांब न्या आणि ११२ किंवा १०१ लावा.

घाटाखालची:

समजलं. सकाळी साडेचारला उठून करते, बाबा आहेतच. स्प्रे घरात आहे. ग्रीस कुठलं घेऊ? घरात पंपाच्या मोटरीचं जाड, पिवळं ग्रीस आहे ते चालेल का?

उसगाव_गॅरेज:

ते नको. जाड ग्रीसवर आपली तांबडी माती चिकटते आणि महिन्याभरात पुन्हा हेच. स्पेअर पार्टच्या दुकानात पांढरं लिथियम ग्रीस मागा, छोटी ट्यूब मिळते, साखळीला बाजारात मिळेल. पहाटे दुकान उघडं नसणार, तर उद्यापुरतं स्प्रे मारून स्वच्छ पुसलेलं चालेल. फक्त खटका झटकन परत येतोय हे निघण्याआधी बाबांसमोर एकदा करून बघा. ग्रीस संध्याकाळी घरी परतताना घ्या, आणि पावसाळ्यात दर महिन्याला एकदा साफ करून पुन्हा लावा.